बिनसळईची कमान

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो लग्नाचा नव्हता, जातीचा नव्हता, मांसाहाराचाही नव्हता. ते म्हणाले, “साहेब, छत पडताना पाहिलंय का कधी?”

मी आधी वर पाहिलं, मग दाराकडे. बदली होऊन सुरतेत आल्याला मला आठवडा झाला होता आणि आमच्या बँकेच्या शाखेपासून चालत जाता येईल अशी दुसरी खोली अख्ख्या बमरोलीत मिळत नव्हती, म्हणून पळालो नाही. “नाही,” म्हणालो.

“मीपण नाही,” ते जरा हळहळून म्हणाले. “पण बोव्हेचं दोनदा पडलं. बसा, चहा घेऊ.”

बोव्हे हे पांडेसऱ्याच्या पलीकडचं एखादं गाव असावं असं मी धरून चाललो. ते फ्रान्समध्ये आहे, तिथे एक जुनं चर्च आहे, साऱ्या मुलखात आपलंच सर्वांत उंच असावं या हट्टापायी बांधणाऱ्यांनी त्याचं छत इतकं वर नेलं की काही वर्षांतच त्यातलं बरंचसं खाली आलं, मग नेट लावून पुन्हा बांधलं, पुढे कधीतरी त्याचा मनोरा कोसळला, आणि आजही ते अर्धंच उभं आहे, एवढं सगळं मला चहा संपेपर्यंत कळलं. खोलीतल्या नळाला पाणी किती वाजता येतं हे कळायला मात्र चार दिवस लागले.

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेचे नव्हेत, कापडाच्या मागाचे. नंदुरबारकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आले, माग चालवला, मग माग दुरुस्त करायला शिकले, आणि शेवटी एका शेडचे मास्तर म्हणून निवृत्त झाले. उभं आयुष्य त्या खडखडाटात गेल्यामुळे कानांनी कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही अशा समजुतीने ते बोलायचे. त्यामुळे मला दिलेलं व्याख्यान समोरच्या ओडिया खानावळीपर्यंत पोचायचं. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा कोलोनचं चर्च जर्मनीत आहे हे माहीत होतं.

हे वेड लागलं कसं, तर त्यांच्या शेडमध्ये एकदा परदेशी माग आले. ते बसवायला एक जर्मन माणूस आला आणि तीन आठवडे राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण बिघडलेल्या यंत्रापुढे उकिडवे बसलेल्या दोन माणसांना भाषा फारशी लागत नाही. जाताना त्या जर्मनाने मास्तरांना एक जाडजूड पुस्तक दिलं. युरोपातल्या जुन्या चर्चांचे फोटो, आतले-बाहेरचे आराखडे, सगळा मजकूर जर्मन. मास्तरांनी ते साडीच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. दाखवायच्या आधी हात धुवायचे आणि मलाही धुवायला लावायचे.

मजकूर वाचता येत नसल्यामुळे मास्तरांनी सगळ्या चर्चांची स्वतःच नावं ठेवली. त्यांच्या भाषेत ती चर्चं नव्हतीच, ‘तिकडची देवळं’ होती. स्ट्रासबर्गच्या चर्चला एकच मनोरा आहे, ते एकशिंगी. शार्त्रचे दोन मनोरे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत, एक साधा आणि एक नटवा, ते सावत्र भाऊ. मिलानच्या छतावर टोकंच टोकं, म्हणून ते साळिंदर. बोव्हे अर्थातच हावरट. पुढे मोबाइल आला, थोरल्या मुलीने त्यावर माहिती शोधायला शिकवलं, खरी नावं कळली, इतिहास कळला, तरी नावं बदलली नाहीत. “लेकराचं घरचं नाव पडलं ते पडलं,” म्हणायचे.

उंची ते साड्यांत मोजायचे. साडी साडेपाच मीटरची, हे माप त्यांच्या हाडांत मुरलेलं. शार्त्रचं आतलं छत फरशीपासून पावणेसात साड्या. हावरटाचं नऊ साड्यांना जरा कमी. “नऊ साड्या, साहेब! एकीचा पदर दुसरीच्या काठाला बांधून वर सोडत जा, मान मोडेल!” एकदा ते बँकेत आले, माझ्या टेबलासमोर बसले, वर बघत राहिले आणि सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तुमची बँक अर्धी साडी आहे.” आमचे मॅनेजर गुजराती होते. हा माणूस बँकेला काय म्हणाला ते त्यांना समजावून सांगता सांगता माझा जेवणाचा डबा गार झाला.

त्या दिवशी मास्तर एकटे आले नव्हते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, बरोबर होत्या. त्यांचा खात्याचा एक फॉर्म भरायचा होता. मास्तरांची सही झोकदार, शेवटी शेपटी काढलेली. मावशींना अक्षरओळख नव्हती. मी शाईचं पॅड पुढे केलं तेव्हा त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग चटकन अंगठा टेकवला, दाबला, आणि मी कापूस द्यायच्या आतच पदराच्या आत पुसून टाकला. घरी येईपर्यंत ती मूठ उघडली नाही. एरवी या बाई कोणाला ऐकणाऱ्या नव्हत्या. गल्लीतल्या पाण्याच्या रांगेत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. पण बँकेत त्या अंगठ्याने त्यांना पार लहान करून टाकलं, आणि पॅड पुढे करणारा मी होतो, याचं मला उगीचच वाईट वाटलं.

मास्तर माझ्यासमोर मराठीत बोलायचे, मावशी उत्तर अहिराणीत द्यायच्या. मी सांगलीकडचा, मला पहिले सहा महिने फक्त स्वर कळायचा, आणि तो बहुतेक वेळा मावशींचा वरचा असायचा. तिकडच्या देवळांची छतं इतकी उंच असूनही भिंती बाहेर का फाकत नाहीत, तर बाहेरच्या बाजूने दगडी टेकू दिलेले असतात, हे मास्तर एकदा मला जेवताना समजावून सांगत होते. सांगता सांगता रंगात आले आणि मावशींकडे बोट दाखवून म्हणाले, “ही माझा टेकू आहे, साहेब.”

मावशी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, “टेकू बाहेर उभा ऱ्हास. ऊन-पानी खास. आन आत बठेल लोके म्हनतस, काय छत शे!”

मास्तरांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल.

एका रविवारी स्कूटरवर मागे बसवून ते मला कतारगामकडे जुन्या इंग्रज आणि डच कबरी दाखवायला घेऊन गेले. वाटेत लोचो, म्हणजे डाळीचा तो वाफाळता लगदा, खाल्ला, कारण रविवारी सकाळी लोचो न खाता सुरतेत कोणी मेलेल्यांनासुद्धा भेटायला जात नाही. व्यापाराला आलेले ते गोरे इथेच मेले आणि त्यांच्या कबरींवर चांगले ऐसपैस घुमट आहेत, खांब आहेत, जिने आहेत. आपल्याकडच्या सरदारांना शोभतील असे. मास्तर चपला काढून आत गेले, वर पाहिलं, हाताने भिंत थोपटली. “बघा,” म्हणाले, “घरी याच्याहून उंच देवळं असलेली माणसं. इथे आली आणि आपल्यासारखे घुमट बांधून झोपली. मग मी त्यांच्यासारखी कमान बांधली तर काय बिघडलं? फिट्टंफाट.”

कमान बांधायचा विषय मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मावशींनी तो फार आधी ऐकलेला होता.

कारण मावशींचे देव फ्रिजवर होते. घर दोन मजली, गच्चीवर खांबांच्या सळया वर आलेल्या, त्यांच्या टोकांना रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या, वरचा मजला ‘होईल’ या वचनावर कित्येक वर्षं उभा. खालच्या खोल्यांत जागा नाही म्हणून स्वयंपाकघरात फ्रिजवर पाट आणि पाटावर देव. फ्रिजची मोटर सुरू झाली की खंडोबा थरथरायचे. गच्चीवर तुला स्वतंत्र देवघर बांधून देतो, असं मास्तरांनी धाकटी मुलगी पाळण्यात असताना सांगितलं होतं. ती आता दोन लेकरांची आई होती. मावशींनी आठवण करून दिली की मास्तर म्हणायचे, “कोलोनचं देऊळ बांधायला सहाशे वर्षं लागली.”

आणि मग पॅरिसच्या चर्चला आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तर मास्तर दारात. डोळे लाल, हातात मोबाइल. जवळच्या नात्यातलं कोणी गेल्यासारखा चेहरा. “वरचं लाकूड सगळं गेलं,” म्हणाले. मग मोबाइल माझ्यापुढे धरून, “पण खालच्या कमानी, साहेब... बहुतेक उभ्या आहेत. एवढा पेटता ढीग अंगावर घेऊन उभ्या आहेत.” त्या दिवशी त्यांनी ठरवलं. देवघर बांधायचं ते टोकदार कमानीचं, विटांचं, चुन्यात, आणि एकही सळई न घालता. नुसतं ठरवण्यात अडीच वर्षं गेली. त्यात टाळेबंदी आली, अर्धी गल्ली पायी गावाला गेली, परत आली, माझी बदली पुढे ढकलली गेली. पण अखेर एका दिवाळीनंतर विटा आल्या.

गल्लीतल्या कडियाला, म्हणजे गवंड्याला, बोलावलं. त्याने मास्तरांनी काढलेला आराखडा दोनदा फिरवून पाहिला. “सळिया वगर छत?” तो म्हणाला. “ना भाई ना, मने पाप लागशे.” दोन दिवसांत स्लॅब टाकून देतो, म्हणाला. मास्तरांनी त्याला हावरटापासून सगळा इतिहास ऐकवला. तो चहा पिऊन गेला तो पुन्हा आमच्या बाजूला फिरकला नाही.

मग मास्तरांनी स्वतःच थापी उचलली. भिंती उभ्या केल्या, बाहेरून त्यांना जाडजूड टेकू दिले. गल्लीने त्या टेकूंना लगेच ‘कुबड्या’ म्हणायला सुरुवात केली. आणि इथे मावशींची एक गोष्ट मला कळली, जी चार वर्षांत कधी निघाली नव्हती. त्यांचं माहेर तापीकाठच्या वीटभट्टीवरचं. चालायला लागल्यापासून लग्न होईपर्यंत त्या विटांतच वाढलेल्या. मास्तर आराखडा बघत बसायचे आणि मावशी दोन्ही हातांत एकेक वीट घेऊन एकमेकींवर हलकेच आपटायच्या. खणखणीत आवाज आला तर उजवीकडे, बद्द आला तर डावीकडे. पहिल्या दिवशी डावीकडचा ढीग मोठा झाला.

“अगं, सगळ्याच टाकून देशील का?” मास्तर ओरडले.

“ईट बोलस,” मावशी म्हणाल्या. “तुम्हले ऐकू येत नही.”

गल्लीत अर्थातच कुजबुज सुरू झाली. कोपऱ्यावरच्या भजनी मंडळाचे एक गृहस्थ जिना चढून आले आणि घसा साफ करून म्हणाले, “मास्तर, लोक विचारतात, चर्च बांधताय का?” मास्तर म्हणाले, “कमानीला धर्म नसतो, तिला फक्त वजन असतं.” गृहस्थांचं समाधान झालं नाही. तेव्हा मावशी हातातली वीट तशीच धरून पुढे आल्या. “देव मन्हा शेतस,” त्यांनी मास्तरांकडे मान उडवली, “भिंत त्यास्नी शे. आजून काय इचारनं शे?” त्यांच्या हातातल्या विटेकडे बघत गृहस्थ म्हणाले की काही नाही, छान हवा येते गच्चीवर.

संक्रांत झाली तेव्हा कमान पूर्ण झाली. माणूस आत उभा राहील एवढं देवघर, समोर टोकदार कमान, तिच्यामागे तसंच विटांचं छत, आणि हे सगळं पेलून धरणारा खाली लाकडाचा सांगाडा. त्याला तिकडे काय म्हणतात देव जाणे, आपल्याकडे सेंट्रिंग. त्याच्या पायांखाली लाकडी पाचरा ठोकलेल्या. पाचरा काढल्या की सांगाडा खाली येणार, आणि कमान एकतर आपल्या पायावर उभी राहणार नाहीतर डोक्यावर येणार. तिसरं काही नाही.

या क्षणाबद्दल मास्तर मला पहिल्या वर्षापासून सांगत आले होते. जुन्या काळी म्हणे बांधणारा मुख्य कारागीर स्वतः कमानीखाली जाऊन उभा राहायचा आणि मग सेंट्रिंग काढायला सांगायचा. आपल्या कामावर भरवसा असेल तर खाली उभा राहा. ही गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. स्वयंपाकघरात मावशींनी पाचशे वेळा. आणि तशीच दुसरी गोष्ट खुणांची. त्या देवळांच्या दगडांवर कारागिरांनी आपापल्या खुणा कोरलेल्या आहेत, नावं नाहीत, नुसत्या खुणा. कोणाचा बाण, कोणाची फुली. मास्तरांना हे फार जवळचं वाटायचं, कारण मागावर कापडाचा ताका उतरला की कारीगर त्याच्या टोकाला आपली खूण करतो, म्हणजे हे कापड कोणाच्या हातचं ते कळतं. मास्तरांची खूण त्रिकोण आणि आत टिंब. कमानीच्या माथ्यावर पंजाएवढी जागा त्यांनी गिलाव्याशिवाय मोकळी ठेवली होती. सेंट्रिंग निघालं की तिथे त्रिकोण आणि टिंब.

पण सेंट्रिंग निघेना.

“चुना आहे, सिमेंट नाही. पिकायला वेळ लागतो,” मास्तर म्हणाले. ते खरंच होतं. फेब्रुवारी गेला. “थंडीत चुना आळशी होतो.” मार्च गेला. शिमग्याला मावशींनी फ्रिजवरच्या देवांना नैवेद्य दाखवला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला भांडणापेक्षा वाईट वाटलं. समोरचा खानावळवाला खालून हाका मारायचा, “मास्टरजी, सेंट्रिंग कब खुलेगी? पोते की शादी में?” आधी मास्तर उलट ओरडायचे. मग ते गच्चीवर जाईनासे झाले. पुस्तक प्लास्टिकमधून निघेना. कोलोनचं नाव घरात निघेना.

मी त्यात माझी भर घातली. कोलोनच्या अर्धवट मनोऱ्यावर काम थांबल्यावर लाकडी क्रेन तशीच राहून गेली आणि चारशे वर्षं तिथेच उभी होती, ही गोष्ट मास्तरांनीच मला सांगितली होती. एका संध्याकाळी मी हसत म्हणालो, “मास्तर, तुमच्या गच्चीवरची क्रेन कधी काढणार?”

मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. “पडली तर साहेब, विटा पडतील त्याचं काही नाही. पण इतकी वर्षं मी जे बडबडलो ते सगळं पडेल. आणि तिला मी काय सांगू? बस फ्रिजवरच?” मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. मी काहीतरी पुटपुटलो. मास्तरांना ऐकू गेलं नसावं.

आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे सोन्याच्या दुकानाची जाहिरात, पण खानदेशात तो लेकीबाळींचा सण. मुली माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. दोन्ही मुली आल्या, एक शहाद्याहून, एक दोंडाईच्याहून. मला जेवायला बोलावणं होतं. मास्तर आंबे आणायला बाजारात गेले होते आणि मी गच्चीवर पालथ्या घमेल्यावर बसून पोळीच्या वासावर दिवस काढत होतो.

झोका बांधायचा म्हणजे झाड पाहिजे. बमरोलीच्या आमच्या गल्लीत विजेचे खांब होते, झाड नव्हतं. दोघी बहिणी दोर घेऊन गच्चीवर आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर देवघराच्या सांगाड्यावर गेली. माणसाच्या डोक्यावरून जाणारं चांगलं जाडजूड आडवं लाकूड. झोक्यासाठीच केल्यासारखं. मी काही बोलायच्या आत दोर वर गेलासुद्धा.

“अहो, थांबा,” मी म्हणालो. “मास्तरांना विचारून घ्या.”

“त्यास्ले काय इचारनं?” जिन्यातून मावशी आल्या. हात पिठाचे. त्यांनी दोराला हिसका देऊन पाहिलं, कमानीकडे पाहिलं, पुढच्या दोन-तीन विटांवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. थोरली बसायला पुढे झाली तर तिला हाताने मागे सारलं. “पह्यले मी बठसू.”

साठी उलटलेली बाई, नऊवारीचा काष्टा सावरून फळीवर बसली. माहेर कधीच संपलेलं, भट्टी गेली, भाऊ गेले. मुली हसायला लागल्या. मावशींनी आखाजीच्या गाण्याची ओळ धरली, पायाने जमिनीला रेटा दिला. एकदा. दुसऱ्यांदा.

खाडकन आवाज झाला. सांगाडा वीतभर खाली बसला, फळी फरशीला टेकली, मावशी फळीसकट खाली, वरून चुन्याची भुकटी. मुली किंचाळल्या. मी काय केलं म्हणाल, तर डोळे मिटले. बँकेच्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

डोळे उघडले तेव्हा कमान होती. सांगाडा खाली आणि कमान वर, आणि दोन्हींच्या मध्ये हात जाईल एवढी फट, त्या फटीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. मावशी तशाच खाली बसलेल्या, केस पांढरे झालेले, मान वर करून बघत. “देखा,” त्या म्हणाल्या. “उभी शे.”

जिन्यात मास्तर. किंकाळी त्यांनासुद्धा ऐकू गेली असावी. हातातली आंब्यांची पिशवी त्यांनी ठेवली की टाकली कोण जाणे, आंबे पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेले. ते सरळ कमानीखाली आले. फटीत हात घातला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. मग सांगाड्याच्या पायाशी वाकून पाहिलं. पाचरांच्या जागा रिकाम्या होत्या; सांगाडा इतका वेळ नुसता चुन्याला चिकटून अडकला होता.

“पाचरा कोणी काढल्या?”

“मी,” मावशी म्हणाल्या. “सकायले. पुऱ्या इटा ठोकी पाह्यनू. आवाज पक्का व्हता.” आणि त्यांनी कमरेला खोचलेला पदर सोडला. चार पाचरा फरशीवर पडल्या.

“आणि पडली असती तर?”

“म्हनीसन तर पोरीस्ले बसू दिधं नही. मी बठनू.” त्या उठत, साडी झटकत म्हणाल्या, “तुम्हीनच सांगतस ना, बांधनारा खाले उभा ऱ्हास?”

मास्तर त्या पालथ्या घमेल्यावर, म्हणजे मी उठलो होतो त्यावर, बसले आणि रडले. लपवाछपवी न करता, लहान मूल रडतं तसे. माझेही डोळे भरले. का ते मला नीट सांगता येत नाही. आपल्याला जे करायचा धीर होत नाही ते कोणीतरी आपल्यासाठी करून टाकलं की माणूस असाच मोकळा होत असेल.

मग मात्र मास्तरांच्या अंगात आलं. आमरस राहू दे, पोळी राहू दे, आधी चुना कालवा! थाळीभर चुना कालवला, स्टुलावर चढून माथ्यावरची ती पंजाएवढी जागा लिंपली. मला वाटलं, आता त्रिकोण आणि टिंब. पण मास्तर खाली उतरले आणि मावशींचा हात धरला.

मावशींनी मूठ मिटली. बँकेत मिटली होती तशीच. “सही येत नही म्हनीसन थट्टा करतस का? सनना दिवस?”

“अगं, तिकडच्या सगळ्या देवळांत एकाचीही सही नाही!” मास्तर खालच्या गल्लीला, खानावळीला आणि बहुधा कोलोनला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. “खुणा आहेत! ज्याने बांधलं त्याची खूण! ताका तुझा आहे, खूण पण तुझी!”

मुलींनी दोन्ही बाजूंनी धरून आईला स्टुलावर चढवलं. तिने अंगठा ओल्या चुन्यात दाबला, आणि काढताना घाई केली नाही.

देवांनी त्याच दिवशी फ्रिज सोडला. खंडोबा थरथरायचे थांबले. पुढच्या तीन पावसाळ्यांत कमानीची एक वीट हलली नाही, असं मास्तर फोनवर सांगतात, आणि तो फोन मी कानापासून लांब धरून ऐकतो.

माझी बदली निघाली त्याच्या आदल्या आठवड्यात मावशी कसल्याशा फॉर्मसाठी एकट्याच बँकेत आल्या. मी पॅड काढू की नको अशा घोटाळ्यात होतो, तर त्यांनीच ते माझ्या ड्रॉवरमधून ओढून घेतलं. अंगठा शाईत टेकवला, कागदावर दाबला, नीट उमटला की नाही ते वाकून पाहिलं. मी कापूस पुढे केला.

“ऱ्हाऊ द्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “घर जाईसन मास्तरले दाखाडसू.”

आणि शाईचा अंगठा वर धरून, कुठे लागू नये म्हणून बाकीची बोटं मिटून, त्या रांगेतल्या सगळ्यांच्या समोरून दाराबाहेर गेल्या.